रूढी, प्रयोजन आणि मुख्यार्थ : लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीच्या दोन शैली

१

'पारंपरिक' आणि 'आधुनिक' ही विशेषणे मराठी समीक्षेच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती वापरताना आपण वर्णन करीत आहोत की मूल्यनिर्णय देत आहोत, याचे भान अनेकदा सुटते. कधी 'पारंपरिक' म्हणजे मुळाशी इमान राखणारे, तर कधी केवळ जुनाट. कधी 'आधुनिक' म्हणजे काळाला सामोरे जाणारे, तर कधी उसने आणलेले. साहित्यकृतीच्या बाबतीत हा गोंधळ उकलणे अवघड जाते, कारण आशय, भाषा आणि संकेत हे तेथे एकमेकांत पुरते मिसळलेले असतात. म्हणून प्रस्तुत लेखात एक साहित्यबाह्य वस्तू विचारासाठी घेतली आहे. या वस्तूची यंत्ररचना दीडशेहून अधिक वर्षे मूलतः तीच राहिली आहे. तिचे बाह्यरूप मात्र आज दोन विरोधी शैलींत विभागले गेले असून त्या शैलींचे पुरस्कर्ते एकमेकांना 'नक्कल' आणि 'स्मरणरंजन' अशी दूषणे देत असतात. ही वस्तू म्हणजे अमेरिकेतील लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल होय.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहून अशा वस्तूचा विचार करण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. ही रायफल येथे कोणी वापरीत नाही. परंतु शैली, नक्कल आणि शस्त्र या तिन्ही गोष्टींचे उत्पादन या पट्ट्याच्या रोजच्या जीवनाचा भाग आहे. येथून पाहिले असता या वादातील जी बाजू वाद घालणाऱ्यांच्या नजरेआड राहते ती स्पष्ट दिसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२

प्रथम वस्तूचे वर्णन. या रायफलीत चापाभोवतीच्या कडीलाच एक लिव्हर जोडलेली असते. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे कवच बाहेर पडते, घोडा ताणला जातो आणि नळीखालच्या नळकांड्यातील पुढचे काडतूस आत सरकते. १८६० मध्ये पेटंट मिळालेल्या हेन्री रायफलीने ही रचना यशस्वी करून दाखवली. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये बाजूने काडतुसे भरण्याचे झडपेचे दार आले आणि नळीखाली हात धरण्यासाठी लाकूड आले. हेन्रीला ते नव्हते, त्यामुळे तापलेली नळी हाताला लागे. पुढे १८७३ चे आणि जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले १८९४ चे प्रारूप निघाले.

यंत्ररचनेला आपण या वस्तूचे व्याकरण म्हणू. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक राहतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाशी मागच्या गोळीचे टोक टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून या रायफलींच्या गोळ्या चपट्या किंवा बोथट टोकाच्या राहिल्या. येथे गोळीचा आकार रचनेने ठरविला आहे, अभिरुचीने नव्हे. विंचेस्टर १८९४ मधून कवच वरच्या बाजूने उडते, म्हणून तिच्यावर दुर्बीण नीट बसत नाही. मार्लिन कंपनीने १८८९ मध्येच माथा बंद ठेवून कवच बाजूने काढण्याची सोय केली होती, म्हणून तिच्यावर ती बसते. आज ज्याला आधुनिक म्हटले जाते त्या दुर्बिणीची शक्यता एकोणिसाव्या शतकातील एका रचनानिर्णयातच सामावलेली होती, असा याचा अर्थ होतो.

आता दोन शैली पाहू. पारंपरिक शैलीत अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर-काळी झाक दिलेले पोलाद, क्वचित पितळी सांगाडा आणि उघडी साधी नेम धरण्याची खूण असते. दुसऱ्या शैलीला 'टॅक्टिकल' असे नाव आहे. तिच्यात काळ्या पॉलिमरचा दस्ता, उपकरणे अडकविण्यासाठी खाचा, माथ्यावर पिकॅटिनी पट्टी, आवाजरोधक बसवण्यासाठी नळीच्या टोकाला आटे आणि हातमोज्यासह हात जाईल एवढी मोठी लिव्हर असते. यांतील पट्टी हे अमेरिकी सैन्याने १९९५ मध्ये प्रमाणित केलेले रूप आहे. मार्लिनची काळी मालिका, हेन्री कंपनीचे २०२० चे 'एक्स' प्रारूप आणि स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये आणलेले '१८५४' प्रारूप ही तिची ठळक उदाहरणे. शेवटच्या उदाहरणातील संगती पाहण्यासारखी आहे : अंग काळ्या पॉलिमरचे, नाव मात्र एकोणिसाव्या शतकातील सालाचे.

३

या दोन शैलींतील भेद रोलां बार्थच्या चिन्हमीमांसेने उलगडता येईल. प्रत्येक उपयोग समाजात त्या उपयोगाचेच चिन्ह होऊन बसतो, हे त्याने दाखवले आहे. परंतु आपल्या परंपरेतील लक्षणाविचार येथे अधिक नेमके साधन देतो. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काहीएक संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. रूढी लक्षणेत शब्द केवळ वहिवाटीने दुसरा अर्थ देतो. प्रयोजनवती लक्षणेत वक्त्याला काही सुचवायचे असते, म्हणून तो मुद्दाम वेगळा शब्द योजतो.

पारंपरिक शैली ही रूढी लक्षणा आहे. अक्रोडाचे लाकूड एके काळी सहज उपलब्ध, मजबूत आणि धक्का सोसणारे म्हणून निवडले गेले. सपाट, बाहेर काही न डोकावणारा आकार घोड्याच्या खोगिराला लटकवण्यासाठी सोयीचा होता. खोगीर गेले, पर्यायी द्रव्ये आली, तरी आकार राहिला. आता तो 'रायफल अशीच दिसते' एवढेच सांगतो. टॅक्टिकल शैली ही प्रयोजनवती लक्षणा आहे. तिच्या काळेपणातून आणि खाचांतून सज्जता, कठोरता, आजच्या युद्धाशी नाते असे काही ध्वनित व्हावे अशी अपेक्षा असते. हे ध्वनित उपयोगाहून बरेच मोठे असते, कारण आजचे कोणतेही मोठे सैन्य लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल वापरीत नाही.

येथे 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाचा आक्षेप लक्षात घ्यायला हवा. 'कुशल' या शब्दाचा मूळ अर्थ कुश आणणारा, आणि 'निपुण' हा रूढी लक्षणेने आलेला अर्थ, असे मम्मटाने मानले होते. विश्वनाथाचे म्हणणे असे की, शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याच्या वापराचे निमित्त वेगळे. 'निपुण' हाच त्याचा मुख्यार्थ. हा आक्षेप आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. रूढी पूर्णत्वाला गेली की ती लक्षणा म्हणून जाणवतच नाही, ती वाच्यार्थ होऊन बसते. पारंपरिक शैलीचे सगळे बळ यातच आहे. ती स्वतःला शैली म्हणून मिरवीत नाही. शैली फक्त समोरच्याकडे आहे, आपल्याकडे वस्तू आहे, असा तिचा दावा असतो.

असे रूप केवळ बाजारातच आढळते असे नाही. बदलापूरच्या पुढे, कर्जतजवळ असलेल्या कोंडाणे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाचे अवयव दगडात कोरलेले आहेत. भाजे येथे तर कातळाच्या छताला खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आजही दिसतात. कातळाला आधाराची गरज नव्हती. भार वाहणे संपले, भार वाहण्याचे रूप राहिले. येथल्या ग्रामनामांतही तसेच आहे. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले असे सांगतात. उल्हासनगरच्या वस्त्या अजून 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणून ओळखल्या जातात, कारण दुसऱ्या महायुद्धात तेथे सैन्याची छावणी होती. 'कॅम्पात राहतो' म्हणणाऱ्याच्या मनात सैन्य नसते. एका लष्करी शब्दाची येथे संपूर्ण रूढी झाली आहे. 'टॅक्टिकल' या शब्दाची ती अजून व्हायची आहे, एवढाच फरक.

४

पारंपरिक शैलीचा 'आम्ही मूळ आहोत' हा दावा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. १८६० च्या दशकात हीच रायफल सर्वांत अद्ययावत होती. एका गोळीनंतर थांबावे लागणाऱ्या बंदुकांच्या काळात ती न थांबता गोळ्या झाडीत असे, आणि याच कारणाने अमेरिकी सैन्याने तिच्यावर अविश्वास दाखवून १८७३ मध्ये एकबारी स्प्रिंगफील्ड पसंत केली. १८७७ च्या प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैन्याने विंचेस्टर वापरल्या. पहिल्या महायुद्धात रशियाने विंचेस्टर १८९५ ची सुमारे तीन लाखांची मागणी नोंदवली, आणि त्या रायफलींना संगीन बसत होती. म्हणजे 'सैनिकी' हा गुण या वस्तूवर बाहेरून लादलेला नाही. तो तिच्यात होता, पुढे विसरला गेला. जिला आज परंपरा म्हणतात ती चित्रपटांनी, जाहिरातींनी आणि शिकारीच्या छंदाने केलेली निवड आहे. मोठी लिव्हर हे टॅक्टिकल शैलीचे लक्षण मानले जाते. तिला लोकप्रियता मिळाली ती १९३९ च्या 'स्टेजकोच' चित्रपटातील जॉन वेन याच्या हातातील रायफलीमुळे.

संग्राहकांच्या जगात 'चौसष्टपूर्व' ही संज्ञा रूढ आहे. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी घडीव भागांच्या जागी स्वस्त भाग वापरण्यास सुरुवात केली. त्यापूर्वीची रायफल ती अस्सल, असे मानले जाते. मराठीच्या अभ्यासकाला येथे 'साठोत्तरी' या संज्ञेची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत एका तारखेने मूल्य ठरवले जाते. फक्त एकीकडे रेषेच्या अलीकडचे श्रेष्ठ, दुसरीकडे पलीकडचे. एवढे मात्र मान्य करावे लागेल की, चौसष्टच्या रेषेमागे उत्पादनाची पद्धत बदलल्याचे ठोस कारण होते. आपल्या वाङ्मयीन कालखंडांच्या रेषांमागे असे कारण दर वेळी दाखवता येईल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

टॅक्टिकल शैलीच्या उदयामागेही केवळ अभिरुची नाही. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात लागू असलेल्या संघीय कायद्याने काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवर बंदी घातली आणि ती ओळखण्यासाठी पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खुंटी, ज्योतरोधक अशा लक्षणांची यादी दिली. कायद्याने रूपालाच गुन्ह्याचे चिन्ह ठरवले. काही राज्यांत अशी बंधने पुढेही राहिली. लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल या व्याख्येबाहेर असल्याने बंदी घातलेल्या वस्तूचे रूप तिला निर्धोकपणे धारण करता येते. याउलट ऑस्ट्रेलियात लिव्हरने चालणाऱ्या अ‍ॅडलर शॉटगनवरून २०१५-१६ मध्ये वाद झाला, तेव्हा चर्चा लिव्हरने किती वेगाने किती गोळ्या सुटतात याविषयी होती. एका कायद्याने शैली वाचली, दुसऱ्याने व्याकरण.

टॅक्टिकल शैली सर्वस्वी पोकळ आहे असेही म्हणता येणार नाही. पॉलिमर पावसात फुगत नाही. आवाजरोधकाने कानाचे रक्षण होते. पट्टीवर दुर्बीण लवकर बसते. परंतु खरा बदल कोणता, हे पाहायचे तर २००० नंतरच्या दशकात आलेल्या लवचीक टोकाच्या गोळ्यांकडे पाहावे लागते. नळकांड्यात मागच्या गोळीचे मऊ टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी दबते, त्यामुळे धोका टळतो आणि गोळी निमुळतीही राहते. हा बदल व्याकरणात झाला, आणि तो अक्रोडाच्या दस्त्याच्या रायफलीतही तितकाच काम करतो.

५

आता या पट्ट्याकडे वळू. १८७३ हे विंचेस्टरच्या प्रसिद्ध प्रारूपाचे साल. त्याच वर्षी मे महिन्यात जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना तांब्याची खिळी ठोकलेल्या विजारीचे पेटंट मिळाले. कष्टाच्या कामात खिशाचे कोपरे फाटू नयेत, हा त्या खिळ्यांचा मुख्यार्थ. त्या विजारीची वंशज असलेली जीन्स उल्हासनगरात मोठ्या प्रमाणावर शिवली जाते. खिळे अजून आहेत, आणि आता त्यांच्या जोडीला गुडघ्यावरचा फिकेपणा, मांडीवरच्या सुरकुत्या, ठरवून पाडलेली छिद्रे आहेत. वापरणाऱ्याने न केलेल्या श्रमाच्या खुणा विजारीवर आयत्या मिळतात, जशा न लढलेल्या युद्धाच्या खुणा रायफलीवर मिळतात. परंतु या खुणा खोट्या नाहीत. त्या श्रमाच्याच आहेत, फक्त दुसऱ्याच्या : धुलाईच्या कारखान्यात रसायनांत हात घालून उभ्या असलेल्या कामगाराच्या. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून या कारखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा शैलीची किंमत कोणत्या पाण्यात उतरते हे उघड झाले. शैलीचा विचार ग्राहकाच्या आरशापाशी थांबला तर ही किंमत त्याला कधीच दिसत नाही.

'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबई परिसरात सर्वांना ठाऊक आहे. फाळणीने विस्थापित झालेल्या, १९४९ मध्ये नव्या नावाच्या गावात पुन्हा उभ्या राहिलेल्या समाजाच्या उद्योगावर तो बेतलेला आहे, आणि त्यात अस्सल-नक्कल अशी पक्की उतरंड गृहीत धरलेली आहे. आता अस्सल कोठे आहे ते पाहू. विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद झाला. त्याच नावाची १८७३ ची रायफल आज जपानमधील मिरोकू कंपनीत बनते; इटलीतील उबर्ती अशा प्रतिकृतींसाठीच प्रसिद्ध आहे; आजची हेन्री कंपनी १९९६ मध्ये सुरू झाली, जुन्या कंपनीशी तिचे फक्त नावाचे नाते आहे, आणि ती चकचकीत पितळी व काळी पॉलिमरची अशी दोन्ही रूपे विकते. येथे त्याच व्यवहाराला 'वारसा' म्हणतात. नक्कल आणि वारसा यांतील फरक वस्तूत नसून नाव लावण्याचा हक्क कोणाकडे आहे यात असतो, ही गोष्ट उल्हासनगरच्या विनोदापेक्षा स्वच्छपणे क्वचितच दिसते.

अंबरनाथ मात्र या खेळाच्या बाहेर आहे. तेथे १९५३ मध्ये यंत्रहत्यारांच्या प्रतिरूपांचा कारखाना स्थापन झाला. त्याशिवाय आयुधनिर्माणी आहे. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हे दोन्ही कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेले. आयुधनिर्माणीत पितळ येते ते काडतुसाच्या कवचाचे द्रव्य म्हणून. दारूचा स्फोट होताच कवच फुगून नळीचा मागचा भाग बंद करते, दाब उतरताच आकसते; मापात केसाएवढी चूक झाली तरी ते निरुपयोगी ठरते. जुन्या विंचेस्टरवर चमकणारे पितळ आणि कवचातील पितळ यांत हाच फरक आहे. पहिले वाचण्यासाठी आहे. दुसऱ्याला वाचक नाही.

६

येथे लक्षणाविचाराची मर्यादा आपल्यासमोर येते, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध. गंगेच्या प्रवाहावर गवळीवाडा असू शकत नाही, म्हणूनच आपण 'तीर' हा अर्थ घेतो. रायफलीच्या बाबतीत मुख्यार्थाचा बाध होतच नाही. दस्ता अक्रोडाचा असो वा पॉलिमरचा, ती भरलेली असली तर गोळी सुटते. दोन्ही शैलींचा वाद हा मुख्यार्थ जणू मिटला आहे असे समजून चाललेला असतो, आणि तो मिटलेला नसतो.

१८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा आणि शाएन योद्ध्यांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या. कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी बंदुका होत्या. १९८४ च्या उत्खननात सापडलेल्या रिकाम्या कवचांवरील घोड्याच्या ठशांवरून कोणती रायफल कोठे सरकली हे शोधता आले. पुढे विंचेस्टरची 'पश्चिम जिंकणारी बंदूक' अशी जाहिरात झाली; कवचांच्या संहितेत जिंकणारा आणि जिंकला जाणारा यांची वाटणी इतकी सोपी नाही. अगदी आपल्या रेल्वेमार्गावरचे उदाहरण घ्यायचे तर, २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांकडे स्वयंचलित रायफली होत्या आणि समोरच्या पोलिसांकडे लाठ्या व लाकडी दस्त्याच्या थ्री-नॉट-थ्री. त्या लाकडात कोणालाही परंपरा दिसली नाही. दिसली ती उणीव. उत्तर प्रदेश पोलिसांनी तीच रायफल जानेवारी २०२० मध्ये निरोप देऊन निवृत्त केली. लाकूड शैली होते ते निवड करण्याची मुभा असलेल्याच्या हातात.

७

साहित्यसमीक्षेला या चर्चेतून काय मिळते? 'सर्व काही संहिता आहे' या भूमिकेने आपल्याला पुष्कळ शिकवले. रूढीला वाच्यार्थ समजण्याची आपली सवय तिने मोडली. परंतु ज्या चिन्हांचा मुख्यार्थ जिवंत असतो, त्यांच्यापुढे ती अपुरी पडते. जातिवाचक शब्द, शिवी, फर्मान, धर्माज्ञा ही भाषेतील अशीच भरलेली शस्त्रे आहेत. त्यांची शैली पारंपरिक की आधुनिक, याची चर्चा करताना ती कोणावर रोखलेली आहेत हा प्रश्न सुटू देता कामा नये.

दुसरे, परंपरेतील रूप घेतले म्हणजे स्मरणरंजन आणि नवे रूप घेतले म्हणजे आधुनिकता, हे समीकरण सोडून द्यावे लागेल. तिन्यानोव्हने १९२७ मध्येच दाखवले होते की तेच रूप दुसऱ्या व्यवस्थेत दुसरे कार्य करते. मर्ढेकरांनी 'काही कविता' मध्ये, १९४७ साली, अभंग-ओवीच्या चालीत यंत्रयुगाचा अनुभव मांडला, तेव्हा जुने रूप शोभेसाठी आले नव्हते. त्याच्यावर नवा भार टाकला गेला, आणि त्या भाराने खुद्द रूपाचे व्याकरण ताणले गेले. याउलट तुटक ओळी, कंसांची पेरणी आणि परकीय नामे एवढ्यावरच उभ्या असलेल्या कविता आपल्याकडे कमी नाहीत. त्या काळ्या पॉलिमरच्या दस्त्यासारख्या आहेत : आतली यंत्ररचना आजोबांचीच.

म्हणून रूपाचा विचार करताना समीक्षकाने निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. बदल व्याकरणात झाला आहे की केवळ दस्त्यात. या रूपाची किंमत कोणी, कोणत्या कारखान्यात किंवा कोणत्या नदीकाठी मोजली आहे. आणि शैलीच्या चर्चेआड मुख्यार्थ अजून जिवंत आहे काय. यांतील पहिला प्रश्न रूपवादाने आपल्याला दिला, दुसरा समाजशास्त्रीय समीक्षेने. तिसरा विचारायचा तर अंबरनाथच्या कारखान्यात मापाने तपासून ठेवलेल्या त्या पितळी कवचाचाही विचार करावा लागतो. ते कोणत्याही शैलीचे नसते, पण दोन्ही शैलींच्या रायफली अशा कवचावाचून चालत नाहीत.